काकांच्या ट्रंकेतला डिस्नेलँडचा नकाशा : वर्ष कसं ओळखायचं, मोल कसं ठरवायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. थोरले काका १९६३ साली इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात गेले आणि सात-आठ वर्षांनी परतले. यंदा त्यांची पुण्याच्या घरातली लोखंडी ट्रंक उघडली. स्वेटरांखाली डिस्नेलँडचा भलामोठा रंगीत नकाशा, अर्धवट वापरलेली दोन तिकीट-पुस्तकं, गाडी उभी केल्याची पावती, दहा-बारा कोरी पोस्टकार्डं आणि लाल फेल्टची तिकोनी पताका निघाली. नकाशाचा जिथे साल छापलेलं असतं तोच कोपरा फाटलाय, आणि काकांनी त्यावर पेन्सिलीने मराठीत जागोजागी लिहून ठेवलंय. हे खरं आहे का, किती जुनं आहे, किमतीचं काय, फ्रेम करावं की विकावं, आणि पेन्सिलीचं लिखाण खोडून टाकलं तर जास्त पैसे येतील का, असे तुमचे प्रश्न.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याची घाई आहे. खोडरबर लावू नका. साठ वर्षांच्या कागदावर रबर घासलं की पेन्सिल निघते, पण तिच्याबरोबर छपाईची शाई आणि कागदाचा पापुद्राही निघतो. तिथे उमटणारा पांढुरका चट्टा जाणत्या गिऱ्हाइकाला पेन्सिलीपेक्षा जास्त खुपतो. त्या लिखाणाबद्दल आणखी बोलायचंय, पण ते नंतर.

मी पंचवीसेक वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. नोकरी वेगळी होती, पण सुट्टीचे दिवस जुन्या कागदांत गेले. पासाडेनाच्या रोझ बोल मैदानावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुना बाजार भरतो, तिथे पहाटे टॉर्च घेऊन फिरायचं. कुणाचं घर रिकामं होत असलं की त्या विक्रीला जायचं. डिस्नेयाना, म्हणजे डिस्नेच्या जुन्या वस्तू, जमवणाऱ्यांच्या मेळाव्यांत टेबल मांडून बसायचं. या काळात अशा करमणूक-उद्यानांचे काही हजार कागद हातांखालून गेले असतील. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: भाव विचारण्याआधी साल ठरवायला हवं. साल ठरलं की खरं-खोटं निम्मं कळतं, आणि मगच किमतीच्या बोलण्याला अर्थ येतो.

डिस्नेलँडची सुरुवातच एका नकाशापासून झाली. सप्टेंबर १९५३ मधल्या एका शनिवारी वॉल्ट डिस्नेने हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून घेतलं. भाऊ रॉय भांडवल उभं करायला न्यूयॉर्कला निघायचा होता आणि लोकांपुढे ठेवायला चित्र नव्हतं. दोघांनी शनिवार-रविवार बसून उद्यानाचा विहंगम नकाशा उभा केला. तोच नकाशा जून २०१७ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या शर्मन ओक्समधल्या व्हॅन ईटन गॅलरीजच्या लिलावात ७ लाख ८ हजार डॉलरला गेला. या बातमीनंतर मला ओळखीच्या-अनोळखी पुष्कळ लोकांचे फोन आले. प्रत्येकाच्या घरी एक नकाशा होता आणि प्रत्येकाच्या मनात तो आकडा होता. तुमच्याही मनात असेल तर आत्ताच बाजूला ठेवा. ती हाताने काढलेली एकमेव वस्तू होती. तुमचा नकाशा छापील आहे, दुकानात विकला गेलेला आहे, आणि तरीही सांभाळण्याजोगा आहे.

तुमच्या नकाशाचं घराणं १९५८ मध्ये सुरू होतं. त्या वर्षी उद्यानाने घरी न्यायचा मोठा सचित्र नकाशा विकायला काढला. काढणारा होता सॅम मॅकिम. हा लहानपणी चित्रपटांतून कामं करायचा, कोरियाच्या युद्धात लढला आणि मग डिस्नेकडे चित्रकार म्हणून लागला. त्याच्या नकाशात मोजमाप शोधायचं नसतं. किल्ला हवा तेवढा मोठा, नदी हवी तशी वळलेली, झाडं ठिपक्यांसारखी आणि प्रत्येक बोटीत, प्रत्येक डब्यात माणसं बसलेली. उघडला की जेवणाचं टेबल भरून जातं. पुढची काही वर्षं, उद्यानात नवं काही आलं की मॅकिम त्याच चित्रात भर घालत राहिला. १९८७ मध्ये तो निवृत्त झाला, पण १९९२ मध्ये पॅरिसजवळचं उद्यान उघडलं तेव्हा त्याचा नकाशा काढायला त्यालाच परत बोलावलं. २००४ मध्ये तो गेला. जमवणाऱ्यांमध्ये नुसतं ‘मॅकिम’ म्हटलं तरी हेच नकाशे समजतात.

एकाच चित्रात भर पडत गेल्यामुळे कोपरा फाटलेला असला तरी साल काढता येतं. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. मधोमध बर्फाचा मॅटरहॉर्न डोंगर आहे. तो १४ जून १९५९ ला सुरू झाला. पाणबुड्या आणि मोनोरेल आहेत, तीही १९५९ ची. टुमारोलँडमध्ये हवेवर तरंगणाऱ्या उडत्या तबकड्या आहेत, त्या १९६१ ते १९६६ एवढ्याच होत्या. मोन्सँटो कंपनीचं पांढरं प्लास्टिकचं ‘भविष्यातलं घर’ आहे, ते १९५७ ला आलं आणि १९६७ ला गेलं. अ‍ॅडव्हेंचरलँडच्या तोंडाशी टिकी रूम आहे, तिचं उद्घाटन जून १९६३ चं. आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या बोटीच्या सफरीचा दर्शनी भाग, जो १९६६ च्या मे महिन्यात उघडला, तो कुठेच नाही. म्हणजे १९६३ आणि १९६६ यांच्या मधली आवृत्ती. मॅकिमच्या नकाशाची १९६४ ची आवृत्ती आहे, आणि तुमचा बहुधा तोच.

इथे नवखे हमखास एक चूक करतात. नकाशावर एखादी गोष्ट दिसली म्हणजे ती तेव्हा बांधून झाली होती असं मानतात. तुमच्याच नकाशावर नदीच्या काठाला न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर आहे. तो प्रत्यक्षात उघडला जुलै १९६६ मध्ये. म्हणून काही जण असा नकाशा १९६६ नंतरचा धरून बसतात. पण हे विकायचे नकाशे होते. लोक परत यावेत म्हणून ‘लवकरच येत आहे’ अशा गोष्टी त्यात आधीच रंगवलेल्या असत. तिथल्या झपाटलेल्या हवेलीचा बाहेरचा सांगाडा तर १९६३ मध्येच उभा होता आणि आत जायला लोकांना १९६९ च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. त्यामुळे एखादी गोष्ट दिसते यापेक्षा एखादी गोष्ट दिसत नाही हा पुरावा जास्त पक्का. आणि जी गोष्ट पाडली गेली ती अजून चित्रात उभी असेल, तर तो सगळ्यात पक्का.

मला या नकाशांचं वेड लागलं ते याचसाठी. उद्यान सतत स्वतःला पुसत असतं. अमेरिकेतल्या मूलनिवासींचं इंडियन व्हिलेज १९७१ मध्ये गेलं. खाणीतली आगगाडी १९७७ मध्ये थांबली आणि दोन वर्षांनी तिच्या जागी बिग थंडर माउंटन आला. डोक्यावरून जाणारे स्कायवेचे पाळणे १९५६ पासून होते, ते १९९४ मध्ये उतरवले. आज तिथे उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. ते सगळं या कागदांवर शिल्लक आहे, कुठे उभं होतं, कशाच्या शेजारी होतं, कुठल्या रंगाचं होतं यासकट.

बाकीच्या कागदांचं साल काढायला दोन-तीन खुणा पुरतात. कॉपीराइटच्या ओळीत ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असं नाव असेल तर कागद १९८६ च्या आधीचा. त्या वर्षी कंपनीने नाव बदलून ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ केलं. १९५८ चा म्हणून विकायला ठेवलेल्या कागदावर नवं नाव दिसलं तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. दुसरी खूण पत्त्याची. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड जुलै १९६३ मध्ये आला. पत्त्यात तो असेल तर कागद त्यानंतरचाच. नसेल तर बहुधा आधीचा, पण छपाईचे जुने ब्लॉक पुढेही वापरत, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. तिसरी खूण प्रायोजकांची. दारात फुकट वाटायच्या माहितीपत्रकांचा खर्च बऱ्याचदा दुसरी कंपनी उचलायची. सत्तरच्या दशकातल्या पत्रकांवर जीएएफ या फिल्म कंपनीचं नाव दिसतं.

आता खरं-खोटं. १९५०-६० च्या नकाशांची पुनर्मुद्रणं पुष्कळ झाली. काही अधिकृत, भेटवस्तू म्हणून काढलेली. काही कुणीतरी घरी स्कॅन करून छापलेली. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडे असतं तसलं. अस्सल ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके नीट रांगेत, फुलांच्या नक्षीसारखे दिसतात, आणि काळी रेघ, विशेषतः बारीक अक्षरं, सलग आणि धारदार असतात. छापील प्रत स्कॅन करून पुन्हा छापली की जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके चढतात. काळी अक्षरंही ठिपक्यांची बनतात आणि त्यांच्या कडा विस्कटतात. इंकजेटची प्रत असेल तर ठिपके रांगेत नसतातच, शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. तुमच्या नकाशातल्या एखाद्या बारीक नावावर भिंग धरा आणि मोबाइलने त्यातून फोटो घ्या. मला सगळ्यात जास्त तोच फोटो हवाय.

जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली कागद चमकला तर नकली, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांना ही कसोटी चालते. पण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं पन्नाशीच्या दशकात कारखान्यांत रुळली होती, त्यामुळे १९६४ चा अस्सल कागदही चमकू शकतो. या एका कसोटीवर चांगले कागद नाकारलेले मी पाहिलेत.

घड्यांकडेही पाहा. साठ वर्षं घडीत राहिलेल्या कागदाच्या घडीवर शाई झिजून पांढरी रेघ पडते, चार घड्या जिथे मिळतात तिथे टाचणीएवढं भोक पडतं, आणि बाहेरच्या बाजूला राहिलेला भाग जास्त पिवळा होतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडून सारखाच पिवळा असतो. तुमच्या फोटोंत ट्रंकेच्या तळाशी टेकलेली बाजू तांबूस दिसतेय आणि आतल्या घड्यांचे रंग ताजे आहेत. शिवाय तो कुणी बाजारातून आणलेला नाही, काकांच्या ट्रंकेतून निघालाय. मला त्याबद्दल फारसा संशय नाही.

जाता जाता, बनावट कागदांचा आणि डिस्नेलँडचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. १७ जुलै १९५५ चं उद्घाटन फक्त निमंत्रितांसाठी होतं. नकली निमंत्रणं इतकी फिरली की सुमारे २८ हजार लोक आत शिरले. त्या दिवसाचं कुठलंही निमंत्रण समोर आलं तर मी पैसे देण्याआधी दोन दिवस मागून घेतो.

आता तिकीट-पुस्तकं. सुरुवातीला आत जायला मोठ्यांना एक डॉलर आणि आत प्रत्येक खेळाला वेगळे पैसे, अशी पद्धत होती. १९५५ च्याच ऑक्टोबरमध्ये कूपनांची पुस्तकं आली: ए, बी आणि सी. ए म्हणजे घोडागाडीसारख्या शांत गोष्टी, पुढे जावं तशा मोठ्या. १९५६ मध्ये डी आलं आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्न, पाणबुड्या, मोनोरेल यांच्याबरोबर ई. अमेरिकन बोलण्यात ‘ई-तिकीट’ म्हणजे सगळ्यात थरारक अनुभव असा शब्दच रुळला. अंतराळवीर सॅली राइडने १९८३ मधल्या आपल्या पहिल्या उड्डाणाला तीच उपमा दिली होती. तोवर पुस्तकं बंद होऊन वर्ष झालं होतं.

लोक काय करायचे? ई आणि डी आधी संपवायचे. ए आणि बी उरायचे, ते ‘पुढच्या वेळी’ म्हणून खणात जायचे. म्हणून आज बाजारात ए-बीची सुटी कूपनं ढिगाने मिळतात, काही डॉलरला एक. ई मात्र सापडायला कठीण, आणि ए पासून ई पर्यंत सगळी कूपनं जागच्या जागी असलेलं पुस्तक त्याहून कठीण. तुमच्या दोन पुस्तकांपैकी एकात दोन ए आणि एक बी उरलंय. दुसऱ्यात मात्र, तुमच्या फोटोवरून, एक ई अजून शिवणीला लागलेलं आहे. ते फाडून वेगळं विकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पुस्तकाला चिकटलेलं ई आणि सुटं ई यांत जमवणारे फरक करतात, आणि एकदा फाडलेलं परत जोडता येत नाही.

गाडीतळाची पावती तुम्ही ‘कचरा’ म्हणून नोंदवलीय. ती टाकू नका. ज्या डांबरी मैदानावर काकांनी गाडी लावली ते मैदान आता नाही. तिथे २००१ मध्ये कंपनीने दुसरं उद्यान उघडलं. असल्या पावत्या लोक गाडी बाहेर काढतानाच फेकायचे, म्हणून फार थोड्या उरल्या. हिचे फार पैसे येणार नाहीत. पण नकाशा, तिकीट आणि पावती एकत्र असली की एका माणसाचा एक अख्खा दिवस हातात येतो. तो संच सुट्या कागदांच्या बेरजेपेक्षा जास्त मोलाचा असतो, पैशांतही.

पोस्टकार्डं कोरी असली तर साधारण किमतीची. पताकेला कसर लागलेली दिसतेय. तिला कागदांपासून आजच वेगळं करा.

किंमत. नियम सोपा आहे, पाळणं अवघड: मागितलेला भाव पाहायचा नाही, मिळालेला भाव पाहायचा. ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर ‘विकलेल्या वस्तू’ अशी गाळणी आहे, ती लावा. तोच नकाशा कुणी दोन हजार डॉलरला मांडून वर्षभर बसलेला दिसेल आणि त्याच महिन्यात दुसऱ्या कुणी दीडशेला दिलेला दिसेल. दीडशे हा भाव आहे, दोन हजार ही इच्छा आहे. साठच्या दशकातल्या मॅकिमच्या घडीच्या नकाशाला, कोपरे शाबूत असतील तर, माझ्या पाहण्यात शे-दोनशे डॉलर, क्वचित तीनशेपर्यंत येतात. १९५८ ची पहिली आवृत्ती असेल तर बरेच जास्त. न घडी घालता गुंडाळून ठेवलेला असेल तर आणखी. तुमचा कोपरा गेलेला, दोन घड्यांवर फाटलेला, वर लिहिलेलं. मी स्वतः दुकानदार असतो तर सत्तर-ऐंशी डॉलरच्या वर गेलो नसतो. पुस्तकं, पावती, पोस्टकार्डं धरून सगळ्या संचाचे दीडशे-दोनशे. ट्रंक उघडताना तुम्ही मनात धरलेला आकडा यापेक्षा मोठा असणार, याची मला कल्पना आहे.

मोठ्या लिलावांचे आकडे वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॅन ईटननेच एका संग्राहकाचा संग्रह विकला, ८० लाख डॉलरच्या वर. त्यात स्कायवेचा एक पाळणा ६ लाख २१ हजारांना गेला, डंबोच्या खेळातला एक हत्ती ४ लाख ८३ हजारांना. हे आकडे घेणाऱ्याने भरलेले असतात. त्यात लिलावगृहाचं घेणाऱ्याकडून कापायचं कमिशन असतं, आणि विकणाऱ्याच्या हातातून आणखी वेगळं कापलं जातं. शिवाय ज्या वस्तू एक-दोनच आहेत त्यांचा भाव आणि ज्या हजारोंनी छापल्या त्यांचा भाव, हे वेगवेगळे बाजार आहेत. पाळणा महाग झाला म्हणून पोस्टकार्ड महाग होत नाही.

दुर्मीळ म्हणजे महाग, हेही नेहमी खरं नसतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९६० मध्ये फ्रीडमलँड नावाचं उद्यान उघडलं. त्याचा आराखडा अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराचा होता, आणि ते उभारणारा सी. व्ही. वुड हा डिस्नेलँडचाच पहिला व्यवस्थापक. १९६४ मध्ये ते बंद पडलं. त्याचे कागद डिस्नेलँडच्या कागदांपेक्षा कितीतरी कमी उरलेत, तरी बहुतेकांना कमीच पैसे पडतात, कारण ते आठवणारी माणसं थोडी आणि वयाने मोठी आहेत. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर १९५८ ते १९६७ चाललेल्या पॅसिफिक ओशन पार्कचंही तेच. ज्याला आज नव्याने, थोड्या पैशांत जमवायचंय त्याला मी या बंद पडलेल्या उद्यानांकडे बोट दाखवतो. तिथे एक माहितीपत्रक मिळणंसुद्धा इतिहासाचा तुकडा मिळण्यासारखं आहे. आपल्याकडेही तेच करायला हवं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ ते २००८ होतं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांची तिकिटं, पत्रकं कुणाच्या घरी असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका.

सांभाळण्याबद्दल मी जरा जोरात बोलणार आहे, कारण या बाबतीत मी एक नुकसान करून बसलोय. सुरुवातीच्या वर्षांत मला १९६१ चा एक नकाशा मिळाला, गुंडाळलेला, एकही घडी नसलेला. मी तो जवळच्या एका फ्रेमवाल्याकडे दिला आणि ‘सपाट दिसू दे’ एवढंच सांगितलं. त्याने तो गरम दाबयंत्राखाली पुठ्ठ्याला कायमचा चिकटवला. याला ड्राय माउंट म्हणतात. सपाट झाला, सुंदर दिसला, आणि जमवणाऱ्यांच्या दृष्टीने संपला. कागद-संवर्धन करणाऱ्या एका बाईंना दाखवला तेव्हा त्यांनी सांगितलं की सोडवायचा प्रयत्न केला तर शाईच्या थराला धोका आहे. तो आजही माझ्या भिंतीवर आहे. फ्रेमवाल्याला काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून हे लिहितोय.

तर: चिकटवणं नाही, लॅमिनेशन नाही, सेलोटेप तर अजिबात नाही. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात शिरतो आणि फाटलेली रेघ डागाच्या पट्ट्यात बदलते. घड्या सरळ करायला इस्त्री फिरवू नका. नकाशा हळूच उघडा, वर-खाली पांढरे टीपकागद ठेवा, त्यावर सपाट फळी आणि थोडं वजन, आणि आठवडाभर विसरून जा. ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, ज्याला मायलर म्हणतात, किंवा आम्लविरहित कागदाचं फोल्डर. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, ते घेऊ नका. ते काळाने चिकट होतं आणि शाई ओढून घेतं.

पुण्यात तुमचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. कागदाला ३५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये घरात ती ८० च्या पुढे सहज जाते, मग बुरशी धरते आणि तांबूस ठिपके उठतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, जमिनीलगतचा खण टाळा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की गरम करून परत वापरा. डांबराच्या गोळ्या कागदाशेजारी नकोत. आणि ट्रंकेत परत टाकणार असाल तर गंजलेल्या पत्र्याचा कागदाला स्पर्श होऊ देऊ नका. आत्ताचा तांबूस डाग त्याचाच आहे.

फ्रेम करायचीच असेल तर मूळ नकाशाची चांगली रंगीत प्रत काढून तिची करा. पुण्यात मोठ्या आकाराचं स्कॅनिंग करणारे आहेत. कागद रुळांतून ओढणारं यंत्र नको, वरून फोटो घेणारं हवं. भिंतीवर रोज उन्हाची तिरीप येत असेल तर पिवळा आणि लाल रंग पाच-सहा वर्षांत फिके पडतात, आणि मॅकिमच्या नकाशाची जान त्या लाल-पिवळ्या छतांत आहे.

आता विकावं का. पैशांची निकड असेल तर विका, त्यात वाईट काही नाही. संच फोडू नका, ईबेवर सगळं एका नावाने मांडा, फाटलेला कोपरा आणि पेन्सिलीच्या खुणा यांचे जवळून फोटो घाला आणि वर्णनात लिहा. दोष आधी सांगितला की भाव थोडा कमी येतो, पण वस्तू परत येत नाही. पाठवताना नकाशा घडीतच, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, विमा उतरवून. इतकी वर्षं घडीत राहिलेला कागद नळीत कोंबला तर घडीवर तुटतो.

पण माझं मत विचारलंत तर सांगतो, ठेवा. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत पेन्सिलीचं लिखाण वाचता येतं. मॅटरहॉर्नवर बाण आणि ‘दोनदा’. पाणबुडीपाशी ‘रांग दीड तास, आईला पत्रात लिहिणे’. भविष्यातल्या घराशेजारी ‘स्वैपाकघर सगळे प्लास्टिकचे!’ आणि नदीकाठी ‘येथे डबा खाल्ला’. बाजाराच्या भाषेत याला ‘लिखाणाने खराब’ म्हणतात आणि भाव पाडतात. मी इतक्या वर्षांत इंग्रजीत लिहिलेले पुष्कळ नकाशे पाहिले, एखादा स्पॅनिशमधला, एखादा जपानीतला. मराठीत लिहिलेला हा पहिलाच. साठच्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांनी तिकडे काय पाहिलं, कशाचं नवल वाटलं, याच्या पत्रांतल्या नोंदी सापडतात. पण कोणत्या जागी उभं राहून वाटलं हे सांगणारा कागद सापडत नाही. तुमच्याकडे तो आहे. फाटलेल्या कोपऱ्यामुळे गेलेलं सालही यातून पक्कं होऊ शकतं: काकांनी आईला लिहिलेलं ते पत्र घरात कुठे असेल तर त्यावर तारीख असणारच.

तुम्ही म्हणालात की काकू आहेत आणि त्यांची आठवण चांगली आहे. या रविवारी नकाशा त्यांच्यापुढे उघडा. कोणाबरोबर गेले होते, गाडी कुणाची होती, डब्यात काय होतं, दुसऱ्या पुस्तकातलं ई-तिकीट कुणाचं राहिलं, हे विचारून घ्या. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत एका साध्या कागदावर लिहा, खाली तारीख आणि त्यांची सही घ्या, आणि तो कागद वेगळ्या पाकिटात घालून नकाशाच्या फोल्डरशेजारी ठेवा. भिंगाचा फोटो मला मग पाठवा.